बारामतीतलं फ्रेंच फर्निचर

जुनं फर्निचर दुरुस्तीला आलं की त्याच्याबरोबर एखादी गोष्ट येतेच. फर्निचर परत जातं, गोष्ट आपल्याकडेच राहते!

नव्वदच्या दशकात बारामतीत, इंदापूर रोडला, माझ्या मामांचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. मामा मूळचे जवळच्या सणसर गावचे. नाव लक्ष्मण, पण सगळे त्यांना तात्या म्हणायचे, म्हणून मीही. ड्रॉइंगचा डिप्लोमा करून मी नोकरी शोधत होते, तोवर तिथं जायला लागले. तिसरा हणमंत, पॉलिशवाला. दारं-खिडक्या, दिवाण असं नेहमीचं काम चाललेलं. त्यात पुण्याच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याशी तात्यांची ओळख झाली. आम्ही त्यांना शेटजी म्हणायचो. त्यांच्याकडचं फ्रेंच फर्निचर आमच्याकडं दुरुस्तीला यायला लागलं, आणि किस्से सुरू झाले.

*

पहिलं आलं ते ड्रॉवरचं बुटकं कपाट. अंगभर फुलं. लांबून वाटावं, ब्रशनं काढलीत. पण नाही! तऱ्हतऱ्हेच्या लाकडांचे पातळ पापुद्रे फुला-पानांच्या आकारात कापून, एकाला एक भिडवून चिकटवलेले. हणमंतानं धूळ काढायला प्रेमानं ओलं फडकं फिरवलं, आणि गुलाबाची एक पाकळी फडक्याला चिकटून वर आली!

तात्यांनी पाकळीच्या मागं बोट फिरवलं, वास घेतला.

"सरस हाय, जनावराच्या कातड्याचा. पान्यानं सुटतो, ऊन करून लावला की परत धरतो."

"मंजी म्या बिघडवलं न्हाय?" हणमंतानं हळूच विचारलं.

"बिघडवलंस की! पन त्या कारागिराला ठाऊक हुतं, तुझ्यासारखा कोनतरी येनार!"

*

त्याच कपाटावरचं एक सैल पान मी सोडवलं. वरून मातकट तपकिरी. उलटं केलं, तर मागं हिरवंगार! त्या लोकांनी लाकूड आधी रंगात मुरवलेलं. उजेडानं वरचा रंग गेला, आतला तसाच राहिला.

हणमंताला राहवेना. "तात्या, समदी पानं काढून उलटी लावू की! शेटजी खूश हुतील."

तात्यांनी त्याच्या पिकल्या डोक्याकडं बघितलं. "तुझं क्यास पांढरं झालं, म्हनून तुला कुनी उलटा टांगला का?"

*

इंदापूरकडचे एक द्राक्षबागायतदार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टेबल घालून आले. टेबलाला धरून बसलेली त्यांची म्हातारी आईही बरोबर.

"माझ्या आज्याला एका सायबानं दिल्यालं. फ्रेंच हाय म्हनत्यात. बगा बरं," बागायतदार म्हणाले.

तात्या टेबलाखाली आडवे झाले आणि मान हलवत बाहेर आले. "न्हाय ओ. खाली खिळं हायती. त्येबी हितल्याच हार्डवेअरच्या दुकानातलं. जुन्या कामात असलं खिळं नसत्यात."

बागायतदारांचा चेहरा उतरला. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "खिळं म्या मारल्यात. कनिक मळताना लई हालायचं ते."

तात्या परत खाली गेले. खिळे उपटले, तर मागं जुना सांधा, हातानं केलेला, झकास. टेबल खरंच फ्रेंच निघालं!

बागायतदार आईकडं बघतच राहिले. "आई, ह्येच्यावर कनिक मळलीस?"

"मग टेबल कशाला आसतं?"

*

आणि हा शेवटचा. शेटजींनी एक लिहायचं टेबल आणलं. देखणं, पण मागचा एक पाय वाळवीनं पार खाल्लेला. तात्यांनी नवा पाय घडवला. त्यावरची पापुद्र्यांची वेल मी कापली, हणमंतानं जुन्याशी रंग मिळवला. शेटजी खूश झाले. मग त्यांनी खिशातून एका फ्रेंच कारागिराच्या शिक्क्याचा फोटो काढला.

तिकडचे नावाजलेले कारागीर फर्निचरच्या खालच्या अंगाला आपल्या नावाचा लोखंडी शिक्का ठोकायचे. शिक्का असला की वस्तूचा भाव चढतो. या टेबलावर तो नव्हता.

"एवढा शिक्का करून मारा, तात्या. कोण बघायला आलंय?"

तात्या फोटोकडं बघत म्हणाले, "मारतो की."

मला ते अजिबात आवडलं नाही. पण आमचं निम्मं काम शेटजींचं.

तात्यांनी लोहाराकडून शिक्का करून आणला. शेटजी टेबल न्यायला आले. हणमंतानं ते उलटं धरलं. नव्या पायाच्या आतल्या अंगाला, ठसठशीत देवनागरीत: लक्ष्मण, सणसर.

"हे काय केलंत!"

"कारागिराचा शिक्का. पाय म्या केलाय, पायावर मारलाय."

"अहो, पण टेबल त्या फ्रेंच कारागिरानं केलंय!"

"त्यानं सोता शिक्का मारला न्हाय. त्येच्या वतीनं मी कोन मारनार?"

शेटजी टेबल टेम्पोत घालून निघून गेले. पुण्याचं काम बंद झालं. आम्ही पुन्हा दारं-खिडक्या करू लागलो. हणमंत तर दुसरीकडं काम बघायच्या बेतात होता. तात्या मात्र रस्त्यावर टेम्पो थांबला की मान वर करायचे.

पावसाळा सरला आणि एके दिवशी टेम्पो दारातच थांबला. शेटजी उतरले. मागं एक कपाट, दोन खुर्च्या.

"तात्या, ते टेबल विकलं गेलं," शेटजी म्हणाले. "घेणारे साहेब परदेशी, जाणकार. खाली वाकले, शिक्का बघितला, माझ्याकडून वाचून घेतला. मला वाटलं, संपलं!"

"मग? काय म्हनलं?"

"म्हणाले, या सणसरवाल्याचं आणखी काही आहे का?"