वाळूमाशी सीईटीला येणार

आनंदराज मूळचा उमरीचा. हिवताप विभागात कीटक समाहारक, म्हणजे साध्या भाषेत सरकारी माशीपकड्या. नेमणूक लातूरला. दोन हजार चारच्या पावसाळ्यात त्याच्याकडे वाळूमाशीचं काम आलं. ही माशी डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. उडते कमी, टुणटुण उड्या जास्त, आणि राहते भिंतीच्या भेगांत. तिच्या चाव्यातून चंडीपुरा नावाचा विषाणू लहान लेकरांच्या मेंदूपर्यंत पोचतो. सकाळी ताप, दुपारी झटके, संध्याकाळपर्यंत शुद्ध जाते. असे रुग्ण वाढत चालले होते.

माशी पकडायची ती नळीनं. काचेचं टोक माशीवर, रबरी टोक तोंडात, आणि ओढायचं. मध्ये जाळी असते, माशी तोंडात येत नाही. पण हे लांबून बघणाऱ्याला कोण सांगणार? आठवड्याभरात गल्लीत झालं की सरकारनं माश्या खाणारा माणूस पाठवलाय.

गल्ली शिकवणीच्या पोरांची. भूकंपानं तिथली घरं पाडली नव्हती, चिरली होती. पुढं क्लास वाढले आणि चिरलेल्या खोल्यांत तीन-तीन खाटा पडल्या. निवृत्त मुख्याध्यापक वसंतरावांकडं चौदा मुली राहायच्या. त्यांच्या दर्शनी भिंतीत छतापासून उंबऱ्यापर्यंत भेग होती. आनंदराजनं एका सकाळी तिच्यातून बावीस माश्या ओढल्या.

"काका, ही बुजवा. इथंच तुमचा नातू झोपतो. लई वंगाळ रोग हाय."

"बुजवायची नाही," वसंतराव म्हणाले. "पालक खोली बघायला आले की मी आधी हीच दाखवतो. त्र्याण्णवच्या भूकंपात फक्त एवढीच पडली, इतकं पक्कं घर. बुजवली तर पुरावा काय राहिला?"

आनंदराज तीनदा गेला. तिन्ही वेळा चहा मिळाला, भेग तशीच राहिली.

चौथ्या खेपेला तिथं राहणारी बारावीतली अपूर्वा जिन्यात बसून सीईटीचं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं, पाठांतर करत होती. तिनं नळी बघितली, विषाणूचं नाव विचारलं आणि वहीत उतरवून घेतलं.

"यंदा येणार का हो?"

आनंदराजच्या डोक्यात साथ होती. "येणार की. दरसाली वाढूनच राहिलंय."

"किती?"

"आपल्या भागात चार-पाच तरी."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर पसरलं की सीईटीला वाळूमाशी चार-पाच मार्कांना येणार, खुद्द सरकारी माणूस बोलला. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात 'वाळूमाशी : संभाव्य प्रश्न' लागलं. माशीखाऊचा आनंदराज सर झाला. पोरी रस्त्यात अडवून विचारायच्या, सर, बसताना ती पंख कसे ठेवते? तो हात वर करून दाखवायचा. लोक इतके जागरूक झाले म्हणून त्याला भरून यायचं. अहवालात त्यानं लिहिलं, 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.'

नोट्समध्ये शेवटी उपाय होता : भेगा बुजवणे. प्रात्यक्षिक केलं की विसरत नाही, असं अपूर्वाचं म्हणणं. एका रविवारी वसंतराव लग्नाला औशाला गेले, तेवढ्यात मुलींनी सिमेंट कालवलं.

वसंतराव परतले. भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले.

"माझा भूकंप कुठंय?" त्यांनी विचारलं.

"काका, तो पाठ झाला," अपूर्वा म्हणाली.

बघता बघता गल्लीतल्या सगळ्या घरांत प्रात्यक्षिकं झाली. त्यानंतरच कधीतरी झेरॉक्सचा एक कागद आनंदराजच्या हाती लागला. वर त्याचं नाव, 'सर' लावून. पोरी कशासाठी विचारत होत्या, ते त्याला तेव्हा कुठं कळलं. घरी येऊन त्यानं तो बायकोला, धम्मप्रियाला दाखवला.

"खरं सांगून टाका लेकरांना," ती म्हणाली.

"सांगतो. पाऊस सरू दे."

"आन् तवर?"

"तवर भेगा बंद ऱ्हातील."

पाऊस सरला. त्या गल्लीत एकाही लेकराला झटका आला नाही. नळीत माशी येईना. वसंतरावांचा नातू अंगणात मातीत लोळत होता. दिवाळीच्या सुट्टीआधी आनंदराज गेला, मुलींना अंगणात बोलावलं आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

"मी साथीबद्दल बोललो होतो, पोरींनो. पेपरातलं मला काय कळतंय?"

अपूर्वानं हातावर सिमेंटनं पडलेले चरे बघितले. मग मागून एका मुलीनं हात वर केला.

"पण सर, डेंगी? ते तर येणार ना?"

आनंदराजनं गच्चीवरच्या पाण्याच्या उघड्या टाक्यांकडं बघितलं, आणि किती झाकणं लागतील ते तो मोजायला लागला.