छत गळतं, भिंती रंगवा

आमच्या शाळेला पैसे मिळत नाहीत असं कुणी म्हणालं की मी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करते. मिळतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिळतात, आणि मार्च संपायच्या आत खर्च केले नाहीत तर परत जातात. वर्षभर अर्ज लिहून, मीटिंगमध्ये हात वर करून, साहेबांच्या गाडीमागे धावून जे येत नाही, ते एका दुपारी अचानक खात्यात दिसतं. मग तालुक्यातले सगळे मास्तर पायाला भिंगरी लावल्यासारखे फिरू लागतात. वरातीमागून घोडे तरी येतात म्हणे. आमच्याकडे वऱ्हाडी घरी जाऊन झोपल्यावर घोडे येतात, आणि वर दटावतात, की आत्ताच्या आत्ता बसा.

त्यात आमच्याकडे मार्च म्हणजे मोह. गडचिरोली जिल्ह्याच्या आत जंगलातलं माझं गाव, म्हणजे नोकरीचं गाव, त्या दिवसांत पहाटे अख्खं रिकामं होतं. मोहाची फुलं उजाडायच्या आधीपासून गळायला लागतात आणि ऊन चढलं की सुकतात, म्हणून घरातलं प्रत्येक माणूस टोपली घेऊन आपापल्या झाडाखाली. शाळेत मी, खडू आणि एखादं तापानं फणफणलेलं पोर. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मी वाढले चंद्रपूरला, वीज केंद्राच्या कॉलनीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. नळाची तोटी गळायला लागली की बाबा कॉलनीच्या ऑफिसात तक्रार टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत पाना घेऊन माणूस दारात उभा असायचा. त्यामुळे तक्रार केली की दुरुस्ती होते, अशी माझी लहानपणापासूनची भाबडी समजूत. या शाळेने ती मुळापासून उपटून काढली.

शाळेला एकच खोली. पहिली ते चौथी सगळी पोरं त्यातच, आणि शिकवणारी मी एकटी. वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. माकडं रोज त्यावरून शर्यती लावतात, त्यामुळे कवेलू फुटलेले, सरकलेले. पण कवेलूंचं एवढं काही नाही. खरं दुखणं मयालीचं. मयाल म्हणजे छपराचा सगळा भार उचलणारं मधलं आडवं लाकूड. आमच्या मयालीला वाळवी लागली आहे. बोटाने दाबलं तर भुसा पडतो.

दुरुस्ती मागितली तर उत्तर आलं, की ही इमारत पाडायच्या यादीत आहे, सबब दुरुस्तीला निधी देता येत नाही. मग पाडा म्हटलं. तर नवी खोली मंजूर नाही, सबब पाडता येत नाही. नवी कधी मंजूर होईल? प्रस्ताव वर गेला आहे. वर म्हणजे कुठे, हे मी आता विचारत नाही. आम्ही वर बघतो तेव्हा आम्हाला मयाल दिसते.

मागच्या पावसाळ्यात एक कवेलू थेट खाली आला. दुसरीतल्या एका मुलीच्या पाटीवर पडला आणि पाटीचे दोन तुकडे झाले. मुलीला काही झालं नाही. ती शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षबाईंची मुलगी. समिती पालकांची असते, आणि शाळेच्या प्रत्येक खर्चावर अध्यक्षांची सही लागते. आमच्या अध्यक्षबाई गोंड, शेती करणाऱ्या, बोलणं मोजकं. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या, छपराकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, पुढच्या साली बी असंच रायलं तं मी पोरीले आश्रमशाळेत टाकीन."

आश्रमशाळा लांब. तिथे राहायचं, दिवाळीला नाही तर उन्हाळ्यात घरी यायचं. मुलगी जेमतेम सात-आठ वर्षांची, अजून आईला चिकटून झोपणारी. बाईंना तिला पाठवायचं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मलाही नको होतं. मी म्हटलं, "जूनच्या आत छत करून घेते, बाई." कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

तर मार्चअखेर पैसे आले. मी आनंदाने आदेश उघडला. शाळेच्या दर्शनी भिंतीची रंगरंगोटी करावी, बोलकी चित्रं काढावीत, सुविचार लिहावेत, आणि रंगवलेल्या भिंतीसमोर उभं राहून फोटो पाठवावा.

मी तालुक्याच्या कचेरीत फोन लावला. तिथले बाबू माणूस म्हणून वाईट नाहीत. फक्त ते माणूस म्हणून फोन उचलत नाहीत.

"भाऊ, यातून छत करू द्या ना."

"मॅडम, हेड वेगळं आहे. भिंतीच्या हेडचे पैसे छताले कसे लावता येतीन?"

"छत पडलं तर भिंतीवरच पडणार आहे."

"ते बरोबर आहे. पण हेड वेगळं आहे ना."

"मग परत पाठवते."

"असं नका करू. परत गेले तं पुढच्या साली तुमच्या शाळेले काईच येणार नाई. वापस करणाऱ्याले गरज नाई, असं धरतात."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बरं, बंब नको म्हणायचीही सोय नाही.

सहीसाठी अध्यक्षबाई हव्यात, आणि अध्यक्षबाई मोहाखाली. पहाटे उठून जंगलात गेले. झाडांखालचा पाचोळा जाळून जमीन काळी साफ केलेली असते, त्यावर पिवळसर फुलं लख्ख दिसतात. बाई वाकून वेचत होत्या, मुलगी शेजारी. मी कागद पुढे केला आणि कशासाठी ते सांगितलं. त्यांनी वेचणं थांबवलं नाही.

"वरून गळून राह्यलं, अन् तुमी भिंती रंगवता?"

"पैसे त्याचेच आलेत, बाई."

"मंग छताचे काऊन नाई आले?"

हाच प्रश्न मी बाबूंना विचारला होता, म्हणून मला त्याचं उत्तर पाठ होतं. हेड म्हणजे काय हे मी त्या पहाटे, गोंडी-मराठीची खिचडी करून, मोहाच्या झाडाखाली समजावून सांगितलं. समजावताना माझीच मला इतकी चीड आली की मी मधेच थांबले. बाईंनी हात लुगड्याला पुसून सही केली. कागदाला मोहाचा चिकट वास लागला. "रंगवा," म्हणाल्या. "पण पोरीचं मी सांगतलं तेच हाय."

तालुक्याहून पेंटर आला. त्याने सूर्य काढला, पुस्तक काढलं, हसरी मुलं काढली, आणि झाडं लावा, झाडं जगवा असं लिहिलं. चहूबाजूंनी जंगल असलेल्या गावात हे! मी म्हटलं, दुसरं काहीतरी लिही. तो म्हणाला, मॅडम, सगळ्या शाळांत हेच लिहून राह्यलो, साचा बनवला आहे. मी फोटो काढून पाठवला. पहिल्यांदाच कचेरीतून लगेच उत्तर आलं. टाळ्या वाजवणारे हात आले.

परीक्षा झाल्या, निकाल लागला, शाळा सुटली. सुट्टीत मी दरवर्षी चंद्रपूरला जाते, यंदा गेले नाही. तेंदूपानाचा हंगाम उरकला की इथे घरोघर कवेलू फेरतात. सगळे कवेलू खाली उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, चांगले झटकून नव्याने रचायचे. आज याच्या घरी, उद्या त्याच्या, गाव मिळून. कुणी कुणाला मजुरी देत नाही, जेवण मात्र ज्याचं घर त्याचं. एका सकाळी उठून बघते तर माणसं शाळेच्या छपरावर चढलेली आणि खाली अध्यक्षबाई उभ्या.

माझ्यातली सरकारी नोकर जागी झाली. "बाई, परवानगी नाही. ही इमारत पाडायच्या यादीत आहे. कुणी पडलं तर माझ्यावर येईल."

"आमी पाडून नाई राह्यलो, मॅडम. फेरून राह्यलो."

मी पदर खोचला आणि खालून कवेलू द्यायला लागले. फुटक्यांच्या जागी लोकांनी आपापल्या घरचे आणले. मयालीपुढे मात्र सगळे हतबल झाले. ती बदलायला मोठं सागाचं लाकूड हवं, शाळेसाठी ते तोडायला परवानगी हवी, तिचा अर्ज शाळेने करायचा, आणि पाडायच्या यादीतल्या शाळेला लाकूड कशाला, असं विचारलं जाणार. साग खिडकीतून हात लांबवला तर लागेल एवढ्यावर उभा आहे. शेवटी एका म्हाताऱ्या भाऊंनी घरची जाड लाकडी बल्ली आणून खोलीच्या मधोमध मयालीला टेकू दिला. "हे साल निघते," म्हणाले. "पुढचं मले नोका विचारू." त्या दिवशीचं जेवण मी केलं. डाळ खारट झाली, सगळ्यांनी खाल्ली.

छत बघून बाईंचं मन थोडं वळलं. नवी खोली यंदा नक्की होईल असं मीही सांगितलं, कारण तो प्रस्ताव अजून वरच होता. आश्रमशाळेसाठी घेतलेली पेटी त्यांनी शेजारणीला देऊन टाकली.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी पुन्हा फोटो मागवले. दर्शनी भाग, पूर्ण छपरासह. मी मोठ्या हौसेने काढला. रंगीत भिंत, वर सरळ ओळीत बसलेले कवेलू. इतकी देखणी शाळा पंचक्रोशीत नसेल.

शाळा उघडली त्याच आठवड्यात पत्र आलं. सादर छायाचित्रावरून इमारत सुस्थितीत असल्याचे दिसून येते, सबब नवीन वर्गखोलीचा प्रस्ताव रद्द करण्यात येत आहे.

मी फोनवर ओरडले. आयुष्यात सरकारी माणसावर इतकी कधी ओरडले नव्हते. आत येऊन बघा म्हटलं, खोलीच्या मध्ये खांब आहे, त्याला धरून पोरं गोल फिरतात. बाबू शांतपणे म्हणाले, "आतला फोटो मागतलाच नव्हता, मॅडम. आता दुरुस्तीचा अर्ज करा. सुस्थितीत आहे तं दुरुस्ती मिळते." मग थोडं थांबून म्हणाले, "मार्चमध्ये."

बाहेर पाऊस धरला होता. शाळा भरलेली होती, कवेलूतून एक थेंब आत येत नव्हता. अध्यक्षबाई मुलीला सोडायला आल्या होत्या, त्यांनी माझं ओरडणं ऐकलं होतं. त्यांच्यापासून काय लपवणार? मी पत्र वाचून दाखवलं.

"सुस्थितीत म्हंजे?"

"चांगली आहे म्हणतात."

"आमी फेरली म्हणून?"

"हो."

"अन् नवी खोली?"

मी नकारार्थी मान हलवली. माझ्या शब्दावर त्यांनी मुलगी ठेवून घेतली होती, आणि आता आश्रमशाळेचे प्रवेशही संपले होते. मला वाटलं, आता ही बाई मला चार शब्द सुनावेल, आणि सुनावले असते तर फार बरं वाटलं असतं. त्या चपला काढून आत गेल्या, टेकूजवळ बसलेल्या मुलीला दंडाला धरून उठवलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. मग शेजारच्या पोराला उठवलं. मग त्याच्या शेजारच्याला. गोंडीत काहीतरी म्हणाल्या तशी बाकीची आपणहून सरकली. अर्धी या भिंतीला, अर्धी त्या भिंतीला, मयालीखालची जमीन आखल्यासारखी मोकळी झाली.

मी खडू घेऊन नेहमीच्या जागी, खोलीच्या मधोमध, जाऊन उभी राहिले. बाई दारातून वळल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमी बी तिथून हटा."