गव्हाणच्या मातीची गोणी

आमचे सासरे भगवान म्हणजे एक नंबरचे हट्टी. दोन हजार बारा साली पनवेलच्या फ्लॅटमध्ये, माझ्या कपाटाला चिकटून त्यांनी वांग्याची रोपं करायला घेतली. खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, ऊन येणार कुठून? म्हणून मांडणीला ट्यूबलाइट बांधली. बी सासूबाईंचं, गोदूबाईंचं होतं. वारण्याआधी त्यांनी राखेत घोळून डब्यात ठेवलेलं. ते संपलं की संपलं. दिवाळीनंतर रोपं गावी, गव्हाणला नेऊन आमच्या उरलेल्या सहा गुंठ्यांत लावायची, एवढ्या आशेवर म्हातारा जगत होता.

पहिली रोपं नुसती उंच वाढली आणि माना टाकून आडवी झाली. "उजेड लय लांब हाय," म्हणत त्यांनी ट्यूब वीतभर अंतरावर आणली. दुसऱ्या खेपेला देठ जाड आले, पण पानांच्या कडा करपल्या. मग पाणी कमी केलं. मग वाढवलं. मग माझ्यावर खापर: "रंजिता, तू लादीवर फिनेल मारते ना, त्यानंच झाला हाय."

"फिनेल काय उडी मारून पानांवर चढतं?" मी पण ऐकून घेणाऱ्यातली नाही.

मातीला मात्र त्यांनी एकदाही दोष दिला नाही. शेतातून रिक्षात घालून स्वतः आणलेली गोणी होती ती. नर्सरीवाल्यानं दुसरी माती देऊ केली तर त्यालाच सुनावलं, "आमची माती हाय ती. तिनं कधी उपाशी ठेवला नाय."

शेवटी डब्यात चिमूटभर बी उरलं. मलाच राहवेना. त्यातल्या आठ बिया मी चोरून नर्सरीच्या मातीत, दह्याच्या डब्यात पेरल्या आणि त्याच ट्यूबखाली मागे सरकवल्या. तीन आठवड्यांनी सात रोपं तरारून उभी, आणि शेजारी त्यांची करपलेली.

त्यांनी डबा पाहिला. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी. पण ते गोणीपाशी बसले आणि चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खाडीकाठचे शेतकरी पेरणीआधी अशीच माती चाखायचे. त्यांचं तोंड वाकडं झालं. खाडीचा बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरायला लागलं त्याला चार वर्षं झाली होती. बांध घालायला गावात शेती करणारं उरलंच होतं कोण? त्यांना ते ठाऊक होतं, बरं का. पण चाखायचं त्यांनी टाळलं होतं.

"खारट हाय," ते म्हणाले.

मी घाईघाईनं म्हटलं, "बाबा, आईंचं बी जगलं ना पण!"

"जगला गं," रोपांकडे न बघताच ते म्हणाले. "लावू कुठं आता?"