हिरवी वायर

माझे यजमान बजरंगराव जन्मभर हातानंच बोलले. टीव्हीला मुंग्या आल्या की थापड, मिक्सर अडला की बुक्की, आणि मुलगा सुदर्शन गणितात अडला की कानाखाली. टीव्ही मुकाट्यानं सुरू व्हायचा. सुदर्शन घर सोडून गेला.

निवृत्तीनंतर ह्यांना हौशी रेडिओचं, म्हणजे घरच्या यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशी बोलायचं, वेड लागलं. जुन्या बाजारातून अँटेना फिरवायची वापरलेली मोटर आणली आणि बिबवेवाडीच्या आमच्या गच्चीवर नारळ फोडून थेट अँटेनाच्या खांबावर चढवली. "आधी खाली तपासून बघा," म्हटलं, तर म्हणाले, "अक्कल शिकवू नकोस."

घरच्या वायरिंगमध्ये हिरवी वायर अर्थिंगची असते, म्हणून ह्यांनी इथलीही हिरवी अर्थिंगलाच जोडली. ह्या मोटरीत ती फिरवायची वायर होती. बटण दाबलं, तर मोटर नुसती गुरगुरली. मग ह्यांनी हातोडी घेतली.

"फिरतेस की नाही? फिर, भवाने!"

घावांनी खांबाचे बोल्ट ढिले झाले, ह्यांची बोटं फुटली, मोटर ढिम्म. शेवटी संतापून, बटण चालूच ठेवून, ह्यांनी हिरवी वायर अर्थिंगमधून उपटली आणि शेजारच्या रिकाम्या खाचेत खुपसली. त्याबरोबर मोटर हिसका देऊन फिरली, ढिला खांब कलंडला आणि अँटेनाचा आडवा पाइप ह्यांच्या जबड्यावर बसला. रक्ताच्या चुळीबरोबर दोन दात पडले.

रिक्षा बोलवायच्या आधी मी सुदर्शनला फोन लावला.

"घरी ये बाळा," म्हटलं. "आज बाबांना कुणीतरी उलट मारलं."