साठ मीटरची चढण

आमच्या घरात अमावास्येला नवीन चप्पल विकत घेतली जाते, यावरून माझ्या श्रद्धेची कल्पना यावी. मुरमाच्या खाणींची तपासणी ही माझी नोकरी, आणि वीस वर्षांत मला भुतांपेक्षा माणसांनीच जास्त घाबरवलंय. तरी हे लिहितोय, कारण प्रकरण अजून संपलेलं नाही.

नांदूरघाटच्या पुढे माळावर मेंढपाळांची एक वस्ती आहे. घरांच्या अगदी मागे मुरमाची खाण होती — रस्त्यासाठी खोदलेली, तीस फूट खोल. मुरूम काढून झाला की खड्डा भरायचा, दाबायचा, झाडं लावायची, असा नियम. तो पाळलाय की नाही हे बघून मी सही करायची. सही झाली की त्या जागेवर अंगणवाडी बांधणार होते. तोवर पोरं पत्र्याच्या शेडमध्ये.

फेब्रुवारी, दुपारचे बारा. खाणवाले अण्णा, म्हणजे तिथले पुढारी, मंडप टाकून बसले होते. फ्लेक्सवरचे अण्णा लावलेल्या सगळ्या रोपांपेक्षा उंच. शाल, श्रीफळ, फेटा... सत्कार आधी आणि तपासणी नंतर, हा आपल्याकडचा क्रम.

जमीन मात्र खरंच चांगली भरली होती. पहार ठोकून पाहिली, दोन वितींपुढे जाईना. लेव्हल लावली — सपाट. टेप धरला — या बांधापासून त्या बांधापर्यंत साठ मीटर.

माझी एक जुनी सवय आहे. टेप झाला तरी पावलं मोजायची. साठ मीटरला माझी ऐंशी पावलं होतात, फार तर दोन-तीन इकडे तिकडे. फेटा डोक्यावर तसाच ठेवून निघालो. पलीकडे पोचलो तेव्हा आकडा होता एकशे तेरा. आणि मला दम लागला होता. मांड्या भरून आलेल्या, गड चढल्यासारख्या.

त्या बांधावर वस्तीतले सोपानमामा मेंढरं घेऊन बसले होते. मला न्याहाळत, हसत म्हणाले, "चढलाव व्हय, सायेब?"

"चढायचं काय त्यात? सपाट तर आहे."

"मग धापा कावून टाकताव?"

"मामा, तुम्हालाही असं...?"

"मला कशाला इचारताव? ह्यान्ला इचारा." त्यांनी मेंढरांकडे बोट केलं. "इथून घातली की आधी पळत सुटत्यात, उताराला लागल्यावानी. अर्ध्यातून मान खाली घालून चढत्यात. लई दमत्यात. आता लांबून नेतो मी."

परत फिरलो — एकशे तेरा. रस्त्याच्या कडेने, भरावाच्या बाहेरून, तेवढंच अंतर चाललो — ऐंशी. पुन्हा टेप — साठ. मनगटावरच्या, मुलीने भेट दिलेल्या घड्याळाने थरथरून कळवलं : आज तुम्ही सहा मजले चढलात, अभिनंदन!

अण्णा कागद घेऊन उभेच होते. "सायेब, सही. का आमचा नारळ नासका निघाला?"

"पावसाळ्यानंतर बघू."

"कावून? कमी काय हाय?"

याचं उत्तर मला फाईलमध्येही लिहिता आलं नाही. 'फेरतपासणी आवश्यक', एवढंच लिहिलं.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, पावसात जमीन खचेल आणि मी दूरदृष्टीचा ठरेन. कसलं काय! पाऊस झोडपून झाला, पण साधा तडा नाही. सोपानमामांची सून सुमन ती अंगणवाडी चालवते. तिचा फोन आला. आवाज न चढवता म्हणाली, "सर, पत्रा तापला की लेकरं रडत्यात. तुमाला नेमकं काय पायजे, ते तरी सांगा."

अण्णांच्या टोमण्यांनी काही वाटलं नव्हतं. हे लागलं.

म्हणून मागच्या महिन्यात गेलो, ते सही करायचीच असं ठरवून. पहार, लेव्हल, टेप... सगळं जागच्या जागी. साठ मीटर. पेन उघडलं आणि मग केवळ सवय म्हणून चाललो.

एकशे एकतीस.

परत चाललो. एकशे एकतीस.

सोपानमामा बांधावर होतेच. या वेळी हसले नाहीत. हळूच म्हणाले, "वाढलंय न्हवं?"

मी पेन बंद केलं. अंगणवाडीसाठी वस्तीच्या दुसऱ्या टोकाची जागा सुचवणारं पत्र पाठवलंय. कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक' लिहिलंय. सुमनला सांगितलं, तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली. तिने कारण विचारलं नाही.

माझ्याकडे ते नाहीच. मशिनं केव्हाच गेली, खड्डा भरला, वर कडुनिंब गुडघ्याएवढे झालेत... आणि तो अजून खोल होतोय.