ब्रेकवरचा पाय

आमच्याकडे मोटरसायकलला मायलेज नसतं, ॲव्हरेज असतं. सोयरीक जुळवायला आलेला पाहुणासुद्धा बशीत चहा ओतता ओतता दारातल्या गाडीकडे बघून विचारतो, "काय ॲव्हरेज देती?" आणि घरातला पुरुष खऱ्या आकड्यात पाच-सात मिसळून उत्तर देतो. समोरच्याला ते माहीत असतं, तोही आपल्या गाडीचं तसंच सांगतो. या गप्पांत बायका कधी नसायच्या. मीही नव्हते, पस्तिसाव्या वर्षी गाडी माझ्या हातात येईपर्यंत.

माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, टेम्पो घेतला आणि त्यांची शंभर सीसीची, किक मारून सुरू होणारी गाडी दारात उभी राहिली. त्याच सुमारास मला लोणी देवकरला एका कंपनीत पॅकिंगचं काम लागलं. कंपनीची बस हायवेनं जायची आणि आमची वस्ती शेळगावच्या आत, दोन्हीकडे ऊस. बसपर्यंत पोचायचं कसं, हाच प्रश्न होता. मालकांनी दोन रविवार कालव्याच्या भरावावर मला गाडी शिकवली आणि तिसऱ्या रविवारी ते टेम्पो घेऊन भाड्यावर गेले. सोमवारी मी एकटी निघाले, आणि बसच्या थांब्यावर न थांबता थेट कंपनीच्या गेटपर्यंत गेले.

ते काम मला का हवं होतं, हे सरळ सांगते. पगार हवा होताच. पण वस्तीवर मी कुणाची तरी सून, कुणाची तरी आई, कुणाची तरी वैनी होते. गेटवरच्या मशिनला कार्ड लावलं की तिथं माझं नाव यायचं, नुसतं माझं. सुट्टीच्या दिवशी मला त्या मशिनची आठवण यायची. हसायचं तर हसा.

तीन महिन्यांनी सासऱ्यांनी जाहीर केलं, "गाडीचं ॲव्हरेज पडलंय." सासऱ्यांना सगळी वस्ती तात्या म्हणते, मीही म्हणते. ही गाडी त्यांनीही बरीच वर्षं चालवलेली होती, आणि एकदा रिझर्व्हला लागल्यापासून पुन्हा रिझर्व्हला लागेपर्यंत किती किलोमीटर झाले, हे त्यांच्या डोक्यात कायम असायचं.

"माझ्या हातात बासष्ट देत हुती. तुझ्या हातात शेहेचाळीस," ते म्हणाले. "बाईमाणसाच्या हातात गाडी गेली की अशीच पेट्रोल पिती."

"गाडीला कळतं व्हय, कोण बसलंय ते?" मी म्हणाले.

"कळतं. पंधरा दिवस देतो. साठवर आली तर ठिव. न्हाय तर धाकट्याला दिऊन टाकू, त्येला दुधाचं कॅन न्यायला पायजेच हाय."

धाकटा म्हणजे माझा दीर. तो मान खाली घालून जेवत होता, पण कान टवकारलेले होते. गाडी गेली की माझं काम गेलं, हे तिघांनाही ठाऊक होतं. मी ताटावरून उठले आणि भांडी जरा जोरातच घासली.

साठ म्हणजे साठ, मी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून गाडीच्या मागे हात धुऊन लागले. दोन्ही चाकांत हवा भरली. चेन साफ करून तेल सोडलं. प्लग बदलला. पेट्रोलचा पंप बदलला, इंदापूरच्या ऐवजी अंथुर्ण्याच्या बाजूला जाऊन भरलं. सकाळी ओढलेला चोक परत आत ढकलायला विसरू नये म्हणून हँडलला लाल दोरा बांधला. दिरानं सल्ला दिला, "वैनी, उतारावर गाडी बंद करत जावा, आपसूक पळती." एकदा केलं. बंद गाडी उतारानं सुसाट निघाली, समोर म्हशी, आणि मी ती कशीबशी थांबवली. माझा जीव काय लिटरवर मोजायचा आहे का, असं म्हणून तो नाद सोडला. आठ दिवसांनी हिशेब केला तर सत्तेचाळीस.

मग फाट्यावरच्या मिस्त्री चाचांकडे गेले. चाचा म्हातारे, कमी बोलणारे, शेळगावातल्या निम्म्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. कंपनीतून सुटून मी तशीच त्यांच्याकडे गाडी नेली आणि कार्बोरेटर खोलायला सांगितला. त्यांनी कार्बोरेटरला हातही लावला नाही. खाली बसून मागच्या चाकाच्या मधोमध, ड्रमवर बोटं टेकवली आणि झटकन मागं घेतली.

"ताई, पाय ब्रेकवर ठिवून चालवता का?"

"न्हाय," मी म्हणाले.

"ड्रम तापलाय तव्यावानी."

"उन्हानं तापला असंल."

"मग फुडचा गार कसा?"

मला असा राग आला की विचारू नका. बाई दिसली की काढा तिच्या चालवण्यात खोट! मी चाचांना चार शब्द सुनावले, तात्यांनीच शिकवून ठेवलंय का असंही विचारलं, आणि गाडीला किक मारली. चाचा कापडाला हात पुसत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणाला, "मॅडम, तुमच्या मागच्या लाल दिव्याची वायर बघून घ्या. तुम्ही येताना-जाताना तो सारखा पेटलेलाच असतो." तो दिवा ब्रेक दाबला तरच लागतो, एवढं मला ठाऊक होतं. दिवसभर मी खोकी चिकटवली आणि डोक्यात तेवढंच फिरत राहिलं. संध्याकाळी निघताना हातावर लक्ष न देता उजव्या पायावर लक्ष दिलं. पाय ब्रेकवर होता. उचलला. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या हेलकावे खात, आणि तो निघून गेल्यावर खाली बघितलं तर पाय परत तिथंच. मला कळलंही नव्हतं. म्हणजे तीन महिने मी एका हातानं गाडी पळवत होते आणि एका पायानं तिला धरून ठेवत होते.

कारण साधं होतं, मला भीती वाटत होती. ट्रॅक्टरची, खडीची, आडव्या येणाऱ्या कुत्र्याची, सगळ्याचीच. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. घाबरते म्हटलं असतं तर घरात जे ऐकायला मिळालं असतं ते मला आधीच पाठ होतं.

त्याच संध्याकाळी चाचांकडे जाऊन म्हणाले, "चुकलं माझं." त्यांनी मागच्या ब्रेकचे लायनर काढून दाखवले, झिजून त्यांचा पार पापुद्रा झाला होता. नवे घातले आणि म्हणाले, "पायाला सांगत ऱ्हावा. त्यो लगीच न्हाय ऐकायचा."

मग मी पायाला सांगायला लागले, आणि तेही मोठ्यानं. शेळगावातून निघाले की दर थोड्या वेळानं "पाय!" असं ओरडायचं. खुरपणीच्या बायका माना वर करून बघायच्या. एकीनं विचारलं, पायाला काय लागलंय का म्हणून. मी म्हटलं, लागलं नाही, सवय लागलीय. ट्रॅक्टरची भीती तशीच होती, पण पाय ब्रेकवरून काढून पायटीवर ठेवायचा, आधी ॲक्सिलेटर सोडायचा आणि खरंच थांबायचं असेल तेव्हाच ब्रेक दाबायचा. पाच दिवसांनी चाचांनी ड्रमला हात लावला आणि तिथंच ठेवला.

चौदाव्या दिवशी तात्यांना म्हणाले, "बघा मोजून." तात्यांचा मापावर भारी कटाक्ष. चाचांच्या दुकानात टाकी पार मोकळी केली, चाचांनी मापानं एक लिटर ओतलं, तात्यांनी मीटरचा आकडा कागदावर लिहिला आणि कागद टोपीत ठेवला. आणि मग धोतर सावरून माझ्या मागे बसले. साक्षीला.

बारामतीच्या दिशेनं निघालो. पहिला किलोमीटर पूर्ण व्हायच्या आत मागून सुरू झालं, "हळू! म्होरं गाडी हाय! बिरीक! बिरीक मार!" एक ट्रॅक्टर आला आणि तात्यांनी माझा खांदा असा आवळला की गाडी डुलली. वळण आलं की बिरीक, शाळा आली की बिरीक. मी दाबत गेले, काय करणार? परतीच्या वाटेवर अंथुर्ण्याच्या अलीकडे गाडी दोन आचके देऊन थांबली. तात्यांनी टोपीतला कागद काढला. चोपन्न.

"पडलं," तात्या म्हणाले.

"पडलं न्हाय, तुमी पाडलं!" भर रस्त्यात मी ओरडले. "उद्या माझी सुट्टी हाय. एकटी जाणार. मोजायचं तर तसं मोजा."

"आन वाटंत पेट्रोल भरलंस तर?"

ते चाचांनी सोडवलं. सकाळी टाकी पुन्हा मोकळी करून, एक लिटर ओतून त्यांनी टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर पेनानं सही ठोकली. मी निघाले. मागे कुणी नव्हतं. पस्तीस-चाळीसच्या मध्ये काटा ठेवला, गिअर वेळेवर टाकला, आणि तोंडातून एकदाही "पाय!" निघालं नाही. सणसरपर्यंत जाऊन वळले. परत आमच्या फाट्यावर आले तेव्हा गाडी चालूच होती, म्हणून फाटा ते वस्ती फेऱ्या मारायला लागले. साठ झाले तेव्हा मी आमच्या दारावरून गेले. तात्या बाजेवरून उठून उभे राहिले. पुढच्या फेरीला दीर बाहेर आलेला, त्याच्या पुढच्या फेरीला शेजारच्या बायका. चौसष्ट, पासष्ट. सहासष्टला गाडी उसाच्या बांधाजवळ बंद पडली आणि मी ती ढकलत अंगणात आणली. घामानं डोळे चुरचुरत होते.

तात्यांनी मीटर बघितला. झाकणावरची पट्टी बघितली. दिराकडे बघून ते म्हणाले, "तू दुसरी गाडी बघ." मग बाजेवर बसले. मी पाणी प्यायले, त्यांनाही दिलं.

"काल मागं बसल्यावर कळलं मला, तू कसल्या गर्दीतनं जातीस ते," ते म्हणाले. "म्या चालवायचो तवा हे रस्तं असं न्हवतं. त्या ट्रॉल्या अंगावर येत्यात. मला भ्या वाटलं. आन काल न्हाय, तू पयल्या दिवशी गेलीस तवापास्नं वाटतंय. पेट्रोलचं काय घिऊन बसलीस?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"मग भ्या वाटतंय असं म्हणायचं की, तात्या! ॲव्हरेजचं नाव कशाला? पंधरा दिवस मला झोप न्हाय."

"भ्या वाटतंय म्हणलो असतो, तर तू घरी ऱ्हायली असतीस?"

"न्हाय. गेलेच असते."

"मग?"

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि जे तीन महिने कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं.

"मलाबी वाटतं, तात्या. रोज वाटतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गाडीची चावी माझ्या मुठीत होती.

"उद्या पयली पाळी हाय," मी म्हणाले. "सहाला निघणार."

"व्हय," तात्या म्हणाले. "जा."