पूजेआधी पुसलेली रेघ

"मोटर गेली, एवढंच सांगा मॅडम. म्हणजे मी परदेशातून नवी मागवायला मोकळा, आणि या माणसाला घरी पाठवायलाही मोकळा."

सबनीससाहेब बोलत होते माझ्याशी, पण बोट भोईरांकडे होतं. साहेब म्हणजे डोंबिवलीतल्या एका गोळ्या पॅक करणाऱ्या कारखान्याचे मॅनेजर. भोईर त्यांचे मेंटेनन्स फोरमन, कोलशेतचे, पन्नाशीला टेकलेले. दसऱ्यानंतर मशीन चालू केलं तर मोटर एक हिसका देऊन किंचाळली आणि ड्राइव्ह ट्रिप होऊन बंद पडला. मोटरला शेवटचा हात भोईरांचा लागलेला. त्यामुळे निकाल आधीच लागला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे ही. कळव्याला माझं ड्राइव्ह दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप होतं. ड्राइव्ह म्हणजे मोटरला कधी, किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा. यांचा ड्राइव्ह आधी माझ्याकडेच आलेला, आणि तो ठणठणीत आहे असं मी सांगितलेलं. मग कुणीतरी तज्ज्ञ येऊन मोटरमधले चुंबक मेले म्हणून सांगून गेला. मला काही ते पटेना, म्हणून मी स्वतःच आले.

"तुमचे इंजिनियर मागून येतायत का?" सबनीसांनी विचारलं.

"नाही. पुढूनच आलेत," मी म्हटलं आणि बॅग उघडली.

मोटर हिरव्या रंगात नुसती चमकत होती. वर कुंकवाचं स्वस्तिक, गळ्यात सुकलेला झेंडूचा हार. खंडेनवमीच्या पूजेसाठी भोईरांनी तिला आंघोळ घातलेली दिसत होती.

"काय काय उघडलंत, भोईर?"

"मॅडम, मी कायपन तोरला नाय. मागचा झाकन काढला, आतला डबा काढून पुसला, नं जसा होता तसाच बसवला."

आतला डबा म्हणजे एन्कोडर. त्यात एक काचेची चकती असते, तिच्यावर बारीक रेघा. चकती मोटरच्या शाफ्टबरोबर फिरते, रेघांमधून उजेड लुकलुकतो आणि त्यावरून ड्राइव्हला कळतं, मोटरचा चुंबक आत्ता कुठे आहे. ड्राइव्ह स्वतः आंधळा असतो. स्कूटरवर मागे बसलेल्याने "डावीकडे, उजवीकडे" सांगायचं आणि पुढच्याने डोळे मिटून वळायचं, असा तो कारभार. मागचा चुकला की दोघंही गटारात.

आधी वायरिंग पाहिलं. एक वायर इकडची तिकडे झाली तरी असाच तमाशा होतो. पण सगळ्या वायरी जागेवर होत्या. मग शाफ्ट हाताने फिरवत एन्कोडरचे सिग्नल स्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट दाखवणाऱ्या पडद्यावर, पाहिले. एकदम स्वच्छ. मग मोटरच्या तीन वायरींवर मीटर लावून भोईरांना शाफ्ट जोरात फिरवायला सांगितला. चुंबक जिवंत असेल तर मोटर उलट आपणच व्होल्टेज काढते. तिन्हीकडे सारखं व्होल्टेज आलं.

"मेलेला चुंबक बराच उत्साही दिसतोय," मी म्हटलं. सबनीसांना काही हसू आलं नाही.

म्हणजे मोटर चांगली, एन्कोडर चांगला, ड्राइव्हही चांगला. मग बिघडलं होतं ते फक्त त्यांचं आपसातलं. एन्कोडर क्लॅम्पने धरलेला असतो. क्लॅम्प ढिले केले की तो गोल फिरतो आणि कुठेही बसतो. म्हणून बनवणारे अर्धी एन्कोडरवर, अर्धी मोटरवर अशी एक रेघ मारून ठेवतात. रेघेला रेघ जुळली की जागा बरोबर. मी टॉर्च मारून शोधलं. रेघ नव्हती.

"भोईर, इथे पांढरी रेघ होती?"

"व्हती ना!" भोईर खुशीत म्हणाले. "रंगाचा डाग परलेला. पॉलिश पेपर मारून साफ केला. पूजेला डाग कशाला ठेवाचा?"

मी कपाळाला हात लावला आणि मग मला हसूच फुटलं. देवासमोर स्वच्छ उभी राहावी म्हणून या माणसाने मोटरचं कुंकू पुसून टाकलेलं!

"बघा! म्हणजे यानेच घालवली ना?" सबनीस उसळले. "भोईर, उद्यापासून येऊ नका."

भोईरांचा चेहरा एकदम उतरला. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, रेघ गेलीय, मोटर नाही. रेघ काय, मी आत्ता काढून देते. तोवर कुणी कुणाला घरी पाठवायचं नाही. भोईर, तुमच्या टेम्पोची बॅटरी आणा. आणि हेडलाइटचा एक बल्ब."

"परदेशी मोटरला टेम्पोची बॅटरी?" सबनीस किंचाळले. "जळली तर?"

"तर माझ्या नावाने बोंबला. सगळ्या ठाणे जिल्ह्यात बोंबला."

युक्ती साधी आहे. मोटरच्या दोन वायरींतून बॅटरीचा करंट सोडला की आतला चुंबक फिरून आपल्या ठरलेल्या जागी येतो आणि तिथेच घट्ट उभा राहतो. बल्ब मध्ये जोडला की करंट हाताबाहेर जात नाही. मोटर मशीनपासून सोडवली, वायर टेकवली. शाफ्टने टुणकन उडी मारली आणि थांबला. आता एन्कोडर हळूहळू फिरवायचा आणि स्कोपवर सिग्नल जिथे पालटतो तिथे क्लॅम्प आवळायचे.

आवळले. ड्राइव्ह चालू केला. मोटर अशी सुसाट सुटली की सबनीस मागच्या खोक्यांवर जाऊन बसले. मी लाल बटण दाबलं.

"गेली!" ते म्हणाले.

"छे हो! मघाशी नुसती किंचाळत होती, आता धावली. फक्त उलट धावली." बॅटरीच्या वायरींची मी अदलाबदल केली आणि सगळं पुन्हा जुळवलं.

या वेळी काहीच आवाज आला नाही. मोटर शांत उभी. "भोईर, हलवा आता शाफ्ट." त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, चेहरा लाल झाला, शाफ्ट तसूभर हलेना. म्हणजे ड्राइव्हने आता त्याला नेमकं जागेवर धरून ठेवलं होतं. मी ड्राइव्हला स्पीड दिला. लोण्यासारखी फिरली हो! मशीनला जोडली, गोळ्यांच्या पट्ट्या सुळसुळत बाहेर पडू लागल्या आणि शेडमधली माणसं टाळ्या पिटायला लागली. मला तर नाचावंसं वाटत होतं. नाचले नाही, कारण हातात स्क्रू ड्रायव्हर होता.

सबनीस पट्टी उलटसुलट करून बघत राहिले. मग खाकरले. "भोईर, उद्या सकाळची शिफ्ट तुम्हीच बघा."

निघण्याआधी मी भोईरांच्या हातात हातोडी आणि पंच दिला. एक खूण एन्कोडरवर, एक समोर मोटरवर, लोखंडात खोल. "आता घासा किती घासायचं ते!"

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी आठवणीने कारखान्यात फोन केला. भोईरच आले फोनवर. "झाकनाला हात लावला नाय, मॅडम. कुंकू वरूनच लावला, आतल्या खुनांच्या सरल रेघंत."

तेव्हापासून दसऱ्याआधी सगळ्या गिऱ्हाइकांना माझा फोन जातो. पूजा करा, हार घाला, नारळ फोडा. मोटरला आंघोळ मात्र बाहेरूनच घाला.